वाचक ब्लॉगवर येत नाही, लेखावर येतो

प्रश्न : सहा-सात महिन्यांपूर्वी मी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. कुंडीतल्या झाडांची निगा हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे निम्म्याहून अधिक लेख त्यावर आहेत. उरलेल्यांत कविता, पुस्तकांविषयीची टिपणे आणि थोडे प्रवासवर्णन आहे. प्रत्येक नव्या लेखाची लिंक मी ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांत आणि फेसबुकवर टाकते. त्या दिवशी वीस-पंचवीस व्ह्यू दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा जवळजवळ शून्यावर येतो. कोणी रोज लिहायला सांगते, कोणी व्हिडिओकडे वळायला सांगते, आणि एका व्यावसायिकाने तर ठरावीक रकमेत दरमहा हजारो वाचक आणून देण्याची हमी दिली आहे. वाचक वाढवण्यासाठी मी नेमके काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण दिलेले आकडे लहान असले तरी ते बरेच काही सांगतात. लेख प्रसिद्ध होताच येणारे वीस-पंचवीस जण आपल्या ओळखीचे आहेत. ते लेख वाचतात तो आपण लिहिला म्हणून, झाडाविषयी काही जाणून घ्यायचे होते म्हणून नव्हे. स्नेहापोटी येणाऱ्या वाचकांची संख्या आपल्या ओळखीच्या वर्तुळाएवढीच राहणार, आणि लिंक कितीही वेळा टाकली तरी ते वर्तुळ मोठे होणार नाही; उलट काही दिवसांनी ही मंडळी लिंक न उघडताच ‘छान’ एवढे लिहून मोकळी होऊ लागतील. अनोळखी वाचकाचे तसे नसते. त्याला आपले नाव ठाऊक नसते, ब्लॉगचेही नसते. त्याला एका अडचणीवर उत्तर हवे असते. तो एका लेखावर येतो, लेख कामाचा निघाला तर हे कोणी लिहिले आहे ते पाहतो, आणि ब्लॉगची ओळख त्याला त्यानंतर होते. म्हणून ‘ब्लॉगवर वाचक कसे आणावेत’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि ‘या लेखाकडे कोणता अनोळखी माणूस कोणत्या वाटेने येईल’ हा प्रश्न प्रत्येक लेखाबाबत स्वतंत्रपणे विचारावा, असे मी सुचवेन.

त्याआधी एक तपासणी मात्र करून घ्यावी, कारण ती राहिली असेल तर बाकीचे सारे श्रम वाया जातात. आपला ब्लॉग सर्च इंजिनच्या नोंदीत आहे का, हे पाहायला हवे. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहून त्यापुढे कोलन द्यावा आणि मधे जागा न सोडता ब्लॉगचा पत्ता लिहावा. नोंदीतली पाने समोर येतील. काहीच आले नाही, तर दोष बहुधा लेखनात नसून एखाद्या सेटिंगमध्ये असतो. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या ब्लॉग चालवण्याच्या दोन प्रचलित सेवा. वर्डप्रेसमध्ये ‘रीडिंग’ या सेटिंगखाली, सर्च इंजिनांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये अशी विनंती करणारी एक चौकट असते. ब्लॉग उभारताना काम अर्धवट असल्यामुळे अनेक जण तिच्यावर खूण करतात आणि नंतर विसरतात. ब्लॉगरमध्ये हीच सोय ‘प्रायव्हसी’ या भागात आहे. ते ठीक असेल, तर गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सेवेत ब्लॉगची मालकी सिद्ध करून साइटमॅप सादर करावा. साइटमॅप म्हणजे आपल्या सर्व पानांची यादी. वर्डप्रेस ती २०२० मधल्या ५.५ या आवृत्तीपासून आपोआप तयार करते, त्यासाठी वेगळे प्लगइन, म्हणजे जोडून घ्यायचा प्रोग्रॅम, लागत नाही.

सर्च कन्सोलचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. ब्लॉगच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या व्ह्यूच्या आकड्यांत खरे वाचक किती, हे सांगणे कठीण असते, कारण इंटरनेटवर सतत फिरणाऱ्या बॉट नावाच्या प्रोग्रॅमच्या भेटी आणि कित्येकदा लेखकाच्या स्वतःच्या भेटीही त्यात धरल्या जातात. स्वतःच्या भेटी वगळण्याची सोय ब्लॉगरमध्ये आहे, ती वापरावी. एखाद्या रात्री कुठल्याशा अपरिचित देशातून अचानक दोनशे व्ह्यू आले, तर हरखून जाऊ नये. ती बहुधा माणसे नसतात. सर्च कन्सोल याहून नेमकी गोष्ट सांगते : लोकांनी काय शोधले असता आपले पान निकालात दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि ते सरासरी कितव्या क्रमांकावर होते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या झाडांवरच्या लेखांची शीर्षके आपण पत्रासोबत पाठवली आहेत आणि त्यांत ‘हिरवी सोबत’, ‘पानांची भाषा’, ‘ओलाव्याचे गणित’ अशी नावे आहेत. नावे सुरेख आहेत, पण एखाद्याच्या कुंडीतले झाड मान टाकू लागले असताना तो मोबाइलवर ‘ओलाव्याचे गणित’ असे कधीही लिहिणार नाही. तो लिहील ‘झाडाची पाने पिवळी का पडतात’ किंवा ‘कुंडीत पाणी साचून राहते काय करू’. शीर्षकात त्याचे हे शब्द असले, तरच लेख आणि तो यांची गाठ पडेल. काव्यात्म नावाचा मोह सुटत नसेल तर ते लेखाच्या आत उपशीर्षक म्हणून ठेवावे. मुख्य शीर्षकात मात्र लेखात काय मिळणार हे सरळ सांगावे आणि महत्त्वाचे शब्द आरंभी आणावेत, कारण लांबलचक शीर्षक निकालांच्या यादीत मधेच तोडले जाते.

शीर्षक बदलले की अर्धे काम होते; उरलेले अर्धे अधिक अवघड आहे. ‘झाडांची निगा कशी राखावी’ या विषयावर हजारो पाने आधीपासून आहेत, आणि त्यांपैकी कित्येक जुन्या, नावाजलेल्या संकेतस्थळांवर आहेत. एवढ्या मोठ्या विषयावर नव्या ब्लॉगने लिहिलेला आठशे शब्दांचा लेख कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि पडला तरी त्यात दुसरीकडे न मिळणारे काही नसते. विषय जितका अरुंद, तितकी नव्या लेखकाला संधी अधिक. पिवळ्या पानांचेच घ्या. जास्त पाण्याने पाने पिवळी पडतात तेव्हा माती हाताला ओली लागते आणि पान मऊ पडलेले असते. पाणी कमी पडले तर कडा सुकून कुरकुरीत होतात. नत्राची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोहाची कमतरता मात्र वरच्या नव्या पानांवर दिसते आणि तिथे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. झाडासमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘आपल्या झाडाला यांपैकी काय झाले आहे’ हे ओळखता यावे एवढ्यासाठीच एक लेख लिहिला, प्रत्येक अवस्थेचे स्वतः काढलेले छायाचित्र दिले आणि उपाय केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत झाड कसे दिसत गेले तेही दाखवले, तर तो लेख सामान्य माहितीच्या दहा लेखांहून अधिक काळ आणि अधिक वाचक आणील.

स्वतः पाहिलेल्या, केलेल्या गोष्टींवर मी एवढा भर देतो याचे कारण केवळ साहित्यिक नाही. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि पुढे इतर अनेक देशांत शोधनिकालांच्या वरच यंत्राने तयार केलेले उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्यामुळे जे उत्तर चार ओळींत संपते त्यासाठी कोणत्याही ब्लॉगवर जाण्याची गरज वाचकाला उरलेली नाही. झाडाला पाणी किती घालावे, एवढेच सांगणारा लेख आता मागे पडणार. आपण एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन वेगवेगळ्या मिश्रणांत लावून काय पाहिले, कोणता उपाय फसला, छायाचित्रात काय दिसते, हे मात्र तुमच्याच पानावर येऊन पाहावे लागते.

लेखाचा पहिला परिच्छेदही या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. मराठी लेखनात विषयाला हात घालण्यापूर्वी निसर्गाची महती, बालपणीच्या आठवणी आणि धकाधकीचे जीवन यांना वंदन करण्याची एक रूढी आहे. ओळखीचा वाचक ते प्रेमाने वाचतो, अनोळखी वाचक तेवढ्यात परत फिरतो. त्याला पहिल्या दोन-तीन वाक्यांत खात्री पटायला हवी की त्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आठवणी नंतर आल्या तर त्या तो आनंदाने वाचेल.

सहा-सात महिन्यांचे लेखन हाताशी असल्यामुळे आपल्याला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी वापरलेल्या शब्दांची यादी उघडावी आणि जिथे आपले पान दिसले आहे पण दुसऱ्या पानावर, म्हणजे साधारण दहाव्या ते विसाव्या क्रमांकावर आहे, असे शब्दप्रयोग शोधावेत. तिथे गूगलला आपला लेख विषयाशी जुळणारा वाटतो आहे, पण पुरेसा वाटत नाही. असे चार-पाच लेख निवडून त्यांत त्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके करावे, राहिलेली बाजू भरावी, छायाचित्रे घालावीत. नवा लेख लिहिण्यापेक्षा जुना सुधारण्यात मिळणारे फळ या टप्प्यावर मोठे असते, तरीही ब्लॉग लिहिणारे बहुतेक नवे लेखक त्या वाटेला जात नाहीत, कारण प्रसिद्ध करण्याचे बटण दाबण्यात जो आनंद आहे तो दुरुस्तीत नाही. लेखाखाली टॅगांची रांग लावण्यात किंवा कीवर्डची, म्हणजे शोधात वापरल्या जाणाऱ्या शब्दांची, यादी भरण्यात मात्र वेळ घालवू नये. पानाच्या आत लपवून ठेवल्या जाणाऱ्या कीवर्डच्या यादीचा क्रमवारीसाठी आपण उपयोग करत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. शीर्षकावरून लेखाचा पत्ता आपोआप देवनागरीत तयार झाला, तर तो कॉपी करून पाठवताना प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ रोमन चिन्हे उमटतात आणि छोटे शीर्षकही चार-पाच ओळींचा अगम्य मजकूर होऊन बसते. अनोळखी माणूस अशा लिंकवर बोट ठेवायला कचरतो. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्यात तीन-चार सोपे रोमन शब्द घालावेत. जुन्या लेखांचे पत्ते मात्र सहज म्हणून बदलू नयेत. बदललेच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी रीडायरेक्टची सोय आधी करावी, नाहीतर जे थोडे वाचक येतात तेही रिकाम्या पानावर पोहोचतील.

शोधातून येणारा वाचक एक लेख वाचून निघून जातो, ही दुसरी अडचण. त्याला थांबवण्याचा साधा मार्ग म्हणजे लेखातच, योग्य वाक्यापाशी, आपल्या दुसऱ्या संबंधित लेखाची लिंक देणे. पिवळ्या पानांच्या लेखात पाण्याचा निचरा येतो, तिथे निचऱ्यावरच्या लेखाकडे बोट दाखवावे. पानाच्या कडेला ‘नवे लेख’ अशी यादी असते, पण तिच्यात कविता आणि प्रवासवर्णन मिसळलेले असल्यामुळे झाडासाठी आलेल्या माणसाला ती निरुपयोगी वाटते. इथे आपल्या ब्लॉगच्या स्वरूपाविषयी स्पष्ट बोलावे लागेल. कविता लिहू नका असे मी म्हणणार नाही. त्या निराळ्या ब्लॉगवर न्याव्यात, किंवा निदान निराळ्या विभागात ठेवून मुखपृष्ठावर झाडांनाच जागा द्यावी. एका विषयासाठी विश्वास बसलेल्या वाचकाला प्रत्येक वेळी वेगळेच काही हाती आले, तर तो पुन्हा येण्याचे कारण उरत नाही. मुखपृष्ठावर ‘नवीन असाल तर इथून सुरुवात करा’ असे एक पान ठेवून त्यात आपले सर्वोत्तम सहा-सात लेख क्रमाने द्यावेत.

आणि जो पुन्हा येऊ इच्छितो, त्याला बोलावण्याचे साधन आपल्या हाती हवे. एके काळी ब्लॉगचे नियमित वाचक गूगल रीडरवर, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या सेवेवर, अवलंबून होते. ती सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली आणि अनेक ब्लॉगांचा वाचकांशी असलेला धागा एका दिवसात तुटला. पुढे फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की वापरणाऱ्यांना पेजेसच्या मजकुरापेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्ट अधिक दाखवल्या जातील, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे फॉलोअर जमवले होते त्यांना त्याच फॉलोअरांपर्यंत पोहोचणे अवघड झाले. दुसऱ्याच्या जागेत जमवलेली माणसे दुसऱ्याच्या निर्णयावर असतात. ईमेलच्या पत्त्यांची यादी तशी नसते. पाठवण्याची सेवा बदलली तरी ती सोबत नेता येते. म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी ईमेलने नवे लेख मागवण्याची एक छोटी चौकट ठेवावी आणि ‘सबस्क्राइब करा’ एवढेच न लिहिता काय मिळेल व किती वेळा मिळेल ते लिहावे. ज्याने स्वतः पत्ता दिला आणि आलेल्या मेलमधून त्याची खात्री केली, त्यालाच यादीत घ्यावे. ओळखीच्यांचे पत्ते न विचारता घालण्याचा मोह टाळावा. असे लोक मेलला स्पॅम ठरवतात आणि मग खऱ्या इच्छुकांनाही आपली मेल नको त्या पेटीत जाऊन पडते.

समाजमाध्यमे सोडून द्यावीत असा याचा अर्थ नाही. फक्त सगळ्या गटांत एकाच वेळी लिंक टाकण्याची सवय सोडावी आणि ज्या गटांत झाडे लावणारे लोक खरोखर प्रश्न विचारतात, तिथे सभासद म्हणून वावरावे. कोणी प्रश्न विचारला तर पूर्ण उत्तर तिथेच द्यावे. छायाचित्रे किंवा अधिक तपशील आपल्या लेखात असतील तरच लिंक जोडावी. उत्तर चांगले असेल तर लोक नावावर क्लिक करून शोधत येतात, आणि ‘उत्तरासाठी माझा ब्लॉग वाचा’ असे लिहिले तर तेच लोक चिडतात. हाच नियम इतरांच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांना लागू आहे. प्रतिक्रियेत स्वतःची लिंक घुसडल्याने क्रमवारी सुधारते हा समज फार जुना आहे. अशा लिंकांना वजन मिळू नये म्हणून २००५ मध्येच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली होती. त्यापेक्षा याच विषयावर लिहिणाऱ्या दोन-चार जणांचे लेख मनापासून वाचावेत, आपल्या लेखात त्यांचा योग्य तिथे उल्लेख करून लिंक द्यावी आणि तसे त्यांना कळवावे. कधी त्यांच्या ब्लॉगसाठी एक पाहुणा लेख लिहून द्यावा, आणि तो आपल्या उत्तम लेखांपैकी असावा. उरलासुरला मजकूर पाठवला तर त्यातून ओळखही तशीच होते.

रोज लिहावे का, याचे उत्तर नाही असे आहे. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक लेख, पण न चुकता, एवढे पुरे. व्हिडिओ करण्याची हौस असेल तर जरूर करावा. कुंडी बदलण्यासारखी कृती शब्दांपेक्षा दाखवून लवकर कळते आणि तो व्हिडिओ संबंधित लेखातच ठेवता येतो. पण वाचक मिळत नाहीत म्हणून व्हिडिओकडे वळू नये, कारण प्रेक्षक मिळवण्याची अडचण तिथेही हीच आहे.

राहिला त्या व्यावसायिकाचा प्रस्ताव. तो नाकारावा. हमी देऊन आणलेले हजारो ‘वाचक’ हे बहुतेक वेळा बॉट असतात किंवा पैशासाठी पाने उघडणारे लोक असतात. ते वाचत नाहीत, प्रतिक्रिया देत नाहीत, ईमेल देत नाहीत. पुढे ब्लॉगवर जाहिराती घेण्याचा विचार असेल, तर अशा बनावट भेटींमुळे जाहिरातींचे खाते बंद होऊ शकते. विकत घेतलेल्या लिंकांचे पॅकेजही यातच मोडते : क्रमवारीसाठी लिंकांची खरेदी-विक्री गूगलच्या स्पॅमविषयक धोरणाविरुद्ध आहे, आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने आलेल्या बदलानंतर अशा लिंकांच्या जोरावर वर चढलेली कित्येक संकेतस्थळे खाली आली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. म्हणून अशी हमी देणाऱ्याशी पुढे बोलणेच नको. पैसे खर्च करायचेच असतील तर स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, म्हणजे उद्या ब्लॉगची सेवा बदलली तरी वाचकांच्या लक्षात राहिलेला पत्ता बदलणार नाही.

हे बदल केल्यावर दररोज आकडे पाहू नयेत. सुधारलेल्या लेखाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, कधी काही महिने. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती जपून ठेवते, त्यामुळे तीन महिन्यांनी आधीच्या तीन महिन्यांशी तुलना करता येईल, आणि तीही ब्लॉगची नव्हे, तर एकेका लेखाची करावी. लेख निकालांत अधिक वेळा दिसू लागला पण क्लिक वाढले नाहीत, तर शीर्षक पुन्हा घडवावे. क्लिक वाढले पण ईमेलच्या यादीत कोणी येत नसेल आणि दुसरा लेख कोणी उघडत नसेल, तर पहिला परिच्छेद, आतल्या लिंका आणि शेवटची चौकट तपासावी. आणि लेख कुठेच दिसत नसेल, तर एक तर त्या शब्दांनी कोणी शोधत नाही किंवा त्या प्रश्नावर फार बळकट पाने आधीच बसलेली आहेत. अशा वेळी तोच विषय आणखी अरुंद करून, एका झाडापुरता, एका लक्षणापुरता, नव्याने लिहावा.